इद्रिसचं नववं पत्र

१

यादीत नऊ पत्रं होती. फाइलमध्ये आठ निघाली.

वासुकाकांनी ती तिसऱ्यांदा मोजली, बोटाला थुंकी लावून. समोर फ्राऊ क्लाइन पेन हातात धरून थांबली होती. ती रिहाबची आनवेल्टिन, म्हणजे वकील. बुधवारची सकाळ, दहा वाजलेले. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी आठला, रिहाबची आंहोरुंग होती. आश्रय मागणाऱ्याला सरकारी अधिकारी समोर बसवून जो एकदाच काय ते विचारतो, ती सुनावणी.

"आठच," काका म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता.

काका पुण्याचे निवृत्त वकील. मुलाकडे, चारुदत्तकडे, तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले होते. पत्रं त्यांनीच आणली होती. लिहिणारा इद्रिस, त्यांचा खार्टूमचा मित्र. चाळीस वर्षांपूर्वी दोघं पुण्यात एका खोलीत राहून कायदा शिकले. इद्रिस परत जाऊन वकील झाला, दोन वर्षं उपमंत्री झाला, सरकार कोसळल्यावर पुन्हा वकील झाला. दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, त्याचं शहर यादवी युद्धात बुडत असताना, त्याने काकांना नऊ पत्रं लिहिली. आधी पुण्यात उपचारांना येणाऱ्या सुदानी रुग्णांच्या हाती पाठवली. शेवटचं कुणीतरी कैरोहून टपालात टाकलं. त्यानंतर काही नाही. ना पत्र, ना फोन.

रिहाब त्याची मुलगी. ती आमच्या संस्थेत, माझ्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रबंध करते आणि चारुदत्तच्या घरातली माळ्यावरची खोली भाड्याने घेऊन राहते.

"यादी मी आठवड्यापूर्वीच आश्रयाच्या ऑफिसला पाठवली आहे," क्लाइन म्हणाली. "उद्या आठ पत्रं दिली तर पहिला प्रश्न नवव्याचा येईल. एक पत्र दडवणाऱ्या मुलीची बाकीची आठ कोण खरी मानणार? ती हरली तर तिला जायला सांगतील. फोटो?"

"नाहीत. पहिल्याच पत्रात त्याने बजावलं होतं. कागद एका जागी असतो, फोटो कुठे कुठे असतो ते कुणालाच माहीत नसतं. मी शब्द पाळला."

"नवव्यात काय होतं?"

काकांनी खाली बघितलं. "सगळे ठीक आहेत, असं."

क्लाइनने पेन ठेवलं. "म्हणजे ते तिच्या विरुद्धच जाणारं होतं. यादी दिली नसती, तर चोराने उपकारच केले, असं मी म्हणाले असते."

मी यादी बघितली. काकांच्या घोटीव अक्षरात शेवटची नोंद होती: पत्र नऊ. एक पान. पिवळा रेघांचा कागद, निळी शाई. वरचा डावा कोपरा कापलेला.

रिहाब माझ्याकडे वळली. ती माझ्याशी जर्मन बोलते. "लॅबमध्ये हरवलेला नमुना तुम्ही शोधता तसं शोधा ना," ती म्हणाली. "घरातल्या घरात आहे. चारच माणसं राहतात."

"त्यात तूही आलीस."

"आल्झो, मग माझ्यापासूनच सुरुवात करा."

२

फाइल रविवारी रात्री काकांनी शेवटची उघडली, तेव्हा नऊ होती. सगळ्यांत नवं पत्र सगळ्यांत वर. मग त्यांनी ती हॉलमध्ये, देवघराच्या फळीवर ठेवली. "त्याहून सुरक्षित जागा कुठली?" असं ते मला म्हणाले. बुधवारी सकाळी फाइल मिळाली ती दाराजवळच्या बुटांच्या कपाटावर.

म्हणजे सोमवार किंवा मंगळवार. मंगळवारी पाडवा होता. मीसुद्धा त्या दिवशी साडेचारला त्यांच्याकडे श्रीखंड खायला गेले होते. विभावरीने, चारुदत्तच्या बायकोने, दार उघडलं ते ओल्या केसांना पंचा गुंडाळून. पहाटे न्हाऊन सहाला बाल्कनीत गुढी उभारली, हे तिनेच सांगितलं. चारुदत्त आतून ओरडला, "ताई, आमच्याकडे पाडव्याला दोनदा अंघोळ असते बरं का, गरम पाण्याचं बिल कंपनी भरते!" सगळे हसले. विभावरी नाही हसली.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून आठही पत्रं वाचली. इद्रिसचं इंग्रजी जुन्या वळणाचं, कोरडं.

तिसऱ्या पत्रात: "या शहरात आता दोन सेनापती राहतात. दोघांच्या पहारेकऱ्यांना पाव एकाच भट्टीतून जातो. भट्टीवाल्याने परवा मला विचारलं, वकीलसाहेब, आधी कुणाला देऊ? मी तीस वर्षांची वकिली आणि दोन वर्षांचं मंत्रिपद धुंडाळलं. उत्तर सापडलं नाही."

पाचव्यात, एप्रिलच्या बारा तारखेला: "कोर्टाने माझ्या अशिलाला वीस जूनची तारीख दिली. मी डायरीत लिहिली. तारीख मिळाली की वकिलाला वाटतं, त्या दिवसापर्यंत जग टिकेल." तीन दिवसांनी लढाई सुरू झाली.

सातव्यात: "ज्यांना मी तुरुंगातून सोडवलं त्यांच्यातलाच एक काल बंदूक घेऊन दाराशी आला. त्याच्याकडे एक यादी आहे. त्यात माझं नाव आहे आणि माझ्या मुलांची नावं आहेत. त्याने ती मला कौतुकाने दाखवली, कारण अक्षर त्याचं होतं."

आठव्यात: "आता चौकीवर पत्रं उघडतात. त्यांच्यात इंग्रजी येणारा एकजण आहे. तेव्हा वासुदेव, यापुढे माझी पत्रं चांगल्या बातम्यांची असतील."

प्रत्येक पत्राच्या तळाशी वेगळ्या, तिरप्या अक्षरात अरबी ओळ होती. मी रिहाबला विचारलं.

"मुजतबा. माझा धाकटा भाऊ." ती पहिल्यांदा हसली. "प्रत्येक पत्रात मला एक टोमणा. हे बघा, जर्मनीत राहून तुझा चहा आणखी पुचाट झाला असेल. आणि हे, बाबा तुझ्या खोलीत बसून लिहितात, तुझी खुर्ची आता माझी."

"नवव्यात काय होतं?"

"नववं मी बघितलंच नाही. काकांनी फोनवर वाचून दाखवलं होतं. इथे आल्यावर म्हणाले, कागदपत्रांत आहे, नंतर बघ."

३

चारुदत्त लॅपटॉप मिटून समोर बसला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

"ताई, माझ्यावर संशय आहे ना? गेनाऊ, अगदी बरोबर, असायलाच हवा. मला हे प्रकरण नकोच होतं. नऊ वर्षं टॅक्स भरतोय, नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. लोकांचे वडील येताना भाकरवडी आणतात. माझे सुदानचं युद्ध घेऊन आले."

"सोमवारी तू म्हणे कागद फाडायचं मशीन चालवत होतास."

"जुनी बिलं. बघा की, ट्रे भरलेलाच आहे."

मी ट्रे टेबलावर पालथा केला आणि पट्ट्या चाळल्या. वीस मिनिटं लागली. सगळ्या पांढऱ्या, छापील. पिवळी एकही नाही, शाईची रेघ नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आणि घ्यायचंच असतं तर मी अख्खी फाइल घेतली नसती का? कुठल्या पत्रात काय आहे, मला काय माहीत! मी त्यातलं एकही वाचलेलं नाही."

"मित्राची मुलगी घरात राहते, आणि एकही नाही?"

"वाचलं की जबाबदारी येते, ताई."

रिकाम्या ब्लाउए टोनेचा, रद्दीच्या निळ्या डब्याचा, मी बाहेर जाऊन तळ बघितला. डबा मंगळवारी संध्याकाळी रस्त्यावर ठेवला होता. बुधवारी पहाटे गाडी येऊन गेली.

४

विभावरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, मुठीत फोन. ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासते. एरवी तिचा आवाज ठाम असतो.

"लवकर विचारा हं, ऊर्मिलाताई. आईला बायपाससाठी आत घेऊन पाच तास झाले. भाऊ पुण्याहून फोन करणार आहे."

"फाइल देवघरावरून कुणी हलवली?"

"मी. पाडव्याला तिथे संध्याकाळच्या पूजेचं सामान मांडायचं होतं."

"बुटांच्या कपाटावर?"

"जागा होती तिथे."

"उघडली होतीस?"

"पाडव्याचा स्वयंपाक सोडून मी कुणाची इंग्रजी पत्रं वाचत बसेन का?"

हे उत्तर नव्हतं. हा प्रश्न होता. मी तो तसाच राहू दिला आणि हॉलमध्ये जाऊन बसले.

पत्र मजकुरासाठी कुणी घेतलं असेल? रिहाबचं वाईट व्हावं असं ज्याला वाटेल, तो सातवं घेईल. त्यात यादी आहे, नावं आहेत. नववं काढून तिचं भलंच होणार होतं. तिचं भलं हवं असणारी माणसं दोन. रिहाबला यादी ऑफिसात गेल्याचं माहीत होतं, आणि काकांना ते नकोच असतं, तर त्यांनी यादीत लिहिलंच नसतं. चारुदत्तने एकही पत्र वाचलं नव्हतं, आणि यावर माझा पूर्ण विश्वास होता.

मग ते मजकुरासाठी घेतलेलंच नव्हतं. ते दिसण्यासाठी घेतलं होतं. फाइल उघडताच जे सगळ्यांत वर दिसतं, ते. आणि त्याच्या दिसण्यात एकच गोष्ट बाकीच्या आठांपेक्षा वेगळी होती.

मी परत स्वयंपाकघरात गेले.

"विभावरी, पाडव्याच्या दिवशी दुपारी डोक्यावरून अंघोळ का केलीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली फरशीवर बसली.

५

"आमच्या माहेरी साताऱ्याला असं कार्ड आलं ना, की आई उंबऱ्याच्या आतसुद्धा घेऊ द्यायची नाही," ती म्हणाली. "चांगल्या बातमीच्या पत्राला कुंकू लावलेलं असायचं. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला. दारात वाचायचं, तिथेच तुकडे करायचे, मग डोक्यावरून पाणी घ्यायचं. घरात ठेवायचं नाही. ठेवलं की ते दुसरं बोलावतं."

"आणि ते देवघरावर सापडलं."

"पाडव्याच्या दिवशी! दुसऱ्या दिवशी आईचं ऑपरेशन! मी फाइल उचलली, ती सुटली, उघडली, आणि वरच ते. ताई, मी इंजिनिअर आहे. दिवसभर लोकांना विचारते, पुरावा दाखवा, आकडे दाखवा. पण माझे हात थांबलेच नाहीत. मी त्यातला शब्दसुद्धा वाचला नाही. फाडलं, टोनेत टाकलं आणि न्हायले. आज सकाळी बाबा पत्रं मोजायला लागले, तेव्हा कळलं काय केलंय ते."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? कोपरा नव्हता म्हणून फाडलं?"

तिच्या हातातला फोन वाजला. तिने ऐकलं, डोळे मिटले, दोनदा "हो" म्हणाली. "आई बाहेर आली. ठीक आहे." आणि मग तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तीत लाज कमी होती. हिशोब जुळल्यासारखी ती नजर होती.

"हे लिहून द्यायला लागेल," मी म्हणाले. "फाडणाऱ्याने सही करून लिहून दिलं, तरच क्लाइन काही करू शकेल."

"देते. उद्या सकाळी निघायच्या आधी देते."

माझं काम तिथे संपायला हवं होतं. पण मी आयुष्यभर तंतू आणि कागद तपासत आले आहे. प्रवासात कागदाचा कोपरा फाटतो. कापला जात नाही.

६

काका माळ्यावरून खाली बागेत बघत होते.

"काका, तुम्ही यादीत 'फाटलेला' नाही लिहिलंत. 'कापलेला' लिहिलंत."

"कात्रीने कापला होता. सरळ."

"खार्टूममध्ये कात्री घेऊन पत्राचा कोपरा कोण कापतं?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "चौऱ्याऐंशी साली माझे वडील गेले. गावाहून कार्ड आलं, ते इद्रिसने दारात घेतलं. विचारलं, याचा कोपरा उंदराने खाल्ला का? मी सांगितलं काय असतं ते. तो रात्रभर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, तुम्ही लोक विचित्र आहात, पण ही पद्धत चांगली आहे. वाचायच्या आधीच माणूस खाली बसतो."

"आणि जूनमध्ये तुम्ही खाली बसलात."

"मजकूर चौकीसाठी होता. सगळे ठीक आहेत, पाणी येतं, चौकीवरची पोरं सभ्य आहेत. कोपरा माझ्यासाठी होता."

"कोण गेलं, ते कळलं?"

"तू आठही वाचलीस ना?" ते म्हणाले. "नवव्यात खाली अरबी ओळ नव्हती."

माळ्याच्या जिन्यावर रिहाब उभी होती. आम्ही मराठीत बोलत होतो. तिला मराठी येत नाही. पण 'अरबी' हा शब्द तिला कळला, आणि काकांचा चेहरा कळला.

काकांनी तिला इंग्रजीत सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून. म्हटलं, तू परदेशात एकटी. तुझी परीक्षा होती. मग पुढे सांगायला तोंड राहिलं नाही."

"दहा महिने," रिहाब म्हणाली. "मी त्याला रोज मेसेज करते. वाढदिवसाला गाणं पाठवलं. मला वाटायचं, नेटवर्क नाही."

मग तिने मला विचारलं पत्र कुणी घेतलं, आणि मी सांगितलं. सगळंच सांगितलं, अंघोळीसकट.

"आल्झो," ती म्हणाली, "माझ्या भावासाठी या घरात कुणीतरी अंघोळ केली."

७

गुरुवारी सकाळी सव्वासहाला मी रिहाबला घ्यायला गेले. विभावरी नव्हती. पहाटेच्या गाडीने ऑफिसला गेली होती. टेबलावर फॉइलमध्ये गुंडाळलेला डबा होता, वर रिहाबचं नाव. कागद नव्हता.

चारुदत्त पायजम्यात उभा होता. "ताई, आम्ही रात्री बोललो. लेखी देणं म्हणजे पुरावा नष्ट केल्याची कबुली. आमची नागरिकत्वाची फाइल वर्षभर अडकेल. बाबा सांगतील ना, कुठेतरी हरवलं. म्हातारा माणूस आहे, विश्वास बसेल."

"मी खोटं बोलणार नाही," काका आतून म्हणाले.

"दहा महिने काय करत होतात मग, बाबा?"

काका बाहेर आले. ते कोट चढवत होते, आणि एक बाही त्यांना सापडत नव्हती. रिहाबने ती धरली आणि म्हणाली, "काका, तुम्ही घरी थांबा." डबा तिने तिथेच ठेवला.

सुनावणीत सोबतीला एक व्यक्ती चालते. मी मागे बसले. अधिकारी चाळिशीचा, सभ्य होता. पाण्याचा ग्लास भरून दिला. क्लाइनने आठ पत्रं पुढे ठेवली. त्याने यादीवर बोट ठेवलं.

"नववं?"

"मी फाडलं," रिहाब म्हणाली.

क्लाइनचं पेन थांबलं. मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

"का?"

"ते माझ्या भावाच्या मृत्यूचं पत्र होतं. आत लिहिलं होतं, सगळे ठीक आहेत, कारण चौकीवर पत्रं वाचतात. आठव्या पत्रात वडिलांनी ते आधीच कळवलं आहे. पण त्यांनी कोपरा कापला होता. माझे वडील भारतात शिकले. तिथे मरणाचं पत्र असं असतं, आणि ते वाचून लगेच फाडायचं असतं. घरात ठेवायचं नसतं. मी फाडलं आणि डोक्यावरून अंघोळ केली."

"तुम्ही स्वतः भारतात राहिलात?"

"नाही. मी भारतीयांच्या घरात राहते."

"पुरावा आहे हे ठाऊक असून फाडलंत?"

"हात थांबले नाहीत," रिहाब म्हणाली.

हे शब्द मीच आदल्या संध्याकाळी तिला सांगितले होते. अधिकाऱ्याने टाइप केलं. वाचून दाखवलं. तिने सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "का?"

"ती लिहून देणार नव्हती. काका मोडून पडले असते. आणि कुणीतरी फाडलं एवढंच खरं आहे ना? कुणी, याने मुजतबाला काय फरक पडतो?"

मला पडत होता.

संध्याकाळी विभावरीचा फोन आला. आवाज पुन्हा ठाम होता. "कशी झाली हो? आमचं नाव कुठे निघालं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"देव पावला. डबा खाल्ला तिने?"

रिहाबने महिन्याच्या आत खोली सोडली. विद्यार्थी वसतिगृहात गेली. काका मे महिन्यात पुण्याला परतले. ऑगस्टमध्ये निकाल आला: आश्रय मंजूर. क्लाइनने रिवाजाप्रमाणे फाइल मागवली आणि मला बोलावून अधिकाऱ्याची टिपणी वाचायला दिली. दोन पानं होती. भट्टीवाला, बंदूकवाल्याची यादी, वीस जूनची तारीख, या सगळ्यापुढे त्याने लिहिलं होतं: पडताळणी शक्य नाही. मग नवव्या पत्राचा परिच्छेद होता. पत्र फाडल्याचा अर्जदाराचा तपशील इतका वेगळा आणि इतका बारीक आहे, की तो रचता येणं अशक्य. याच कारणाने अर्जदाराचं एकंदर कथन विश्वासार्ह मानावं.

मी पान उलटून क्लाइनला परत दिलं. तिने विचारलं, "काही चूक आहे का?"

खिडकीखाली रिहाब सायकल धरून उभी होती, निकालाचं पाकीट बगलेत. मी नाही म्हणाले.